नंबर तोच, कंपनी दुसरी: आमच्या घरच्या पाच नंबरांचा हिशोब

कराडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर, कापडी पिशव्यांवर आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीवर एकच मोबाईल नंबर आहे, आणि तो चौदा वर्षांत बदललेला नाही. त्यामुळे कंपनी बदलायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. नंबर गेला तर? दिवाळीच्या तोंडावर बायका कुठे फोन करणार?

पण घरातले पाच मोबाईल माझ्या खर्चाच्या वहीत येतात: माझा, ह्यांचा, सासूबाईंचा, पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा आणि माहेरी कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आप्पांचा. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, तेव्हा मी पहिल्यांदा पाचही आकडे एका पानावर मांडले. त्यानंतरच्या काही महिन्यांत दोन नंबर पोर्ट केले, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, एकाचा नुसता प्लॅन बदलला आणि दोन होते तिथेच ठेवले. वर्षाला साधारण सात हजार चारशे रुपये वाचतात. कसं केलं ते चुकांसकट सांगते.

आधी वही घ्या, मोबाईल नंतर. २८ दिवसांच्या प्लॅनला आपण 'महिन्याचा रिचार्ज' म्हणतो, पण तो वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. माझा ३४९ चा होता. तेरा वेळा म्हणजे ४,५३७ रुपये. म्हणून प्लॅनची किंमत कधीच महिन्यावर तोलू नका. किंमत भागिले दिवस करा आणि रोजचे किती पडतात ते लिहा. माझे रोजचे साडेबारा रुपये जात होते. दुसऱ्या कंपनीत ८४ दिवसांचा प्लॅन तेव्हा ७९९ ला होता, म्हणजे रोजचे साडेनऊ. डेटा रोजचा अर्धा जीबी कमी, पण दुकानात मी डिझाइनचे फोटो बघते तेवढ्याला तो पुरतो. किती लागतो हे अंदाजाने ठरवू नका, फोनच्या सेटिंगमध्ये महिनाभराचा वापर दिसतो तो बघा.

पोस्टपेडवाल्यांनी आणखी एक बघायचं. प्रीपेडची छापलेली किंमत जीएसटी धरून असते, पोस्टपेडची जीएसटी सोडून. ह्यांचा प्लॅन ५४९ चा, पण बिल दर महिन्याला ६४८ च्या आसपास यायचं. वर्षाचे पावणेआठ हजार! आणि बिल आपोआप खात्यातून जायचं, म्हणून कुणाचं लक्षच नव्हतं. आमच्या घरात सगळ्यात मोठी गळती तीच निघाली.

आता रेंज. इथे घाई करू नका, कारण एकदा पोर्ट केलं की ९० दिवस त्या कंपनीत राहावंच लागतं. कंपन्यांच्या संकेतस्थळावर नकाशे असतात, त्यात आमचा सगळा भाग रंगवलेला दिसतो. पण माझं शिलाई मशीन दुकानाच्या आतल्या भिंतीला आहे, आणि माझा फोन तिथे वाजायला हवा. म्हणून ज्या कंपनीत जायचं होतं तिचं, मुलाच्या मित्राचं सिम मी त्याच्या फोनसकट दोन दिवस मागून घेतलं. मशीनच्या फळीवर ठेवलं, घरी स्वयंपाकघरात ठेवलं, गच्चीच्या जिन्यात ठेवलं. संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे सगळी आळी फोनवर असते त्या वेळी, कॉल लावून बघितले. ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचं मायस्पीड अॅप आहे, त्यात डेटाचा वेगही मोजता येतो. माझ्या जुन्या कंपनीचा आवाज मशीनपाशी तुटायचा, नवीनचा तुटला नाही. ठरलं.

आप्पांकडे हीच परीक्षा उलटी लागली. त्यांच्या ओसरीवर नव्या कंपनीची एक दांडी यायची आणि जायची, परड्यात तर काहीच नाही. पावसाळ्यात त्या बाजूला लाईट दोन-दोन दिवस जाते. पैसे वाचतात म्हणून मी आप्पांचा नंबर हलवला असता तर नेमका गरजेच्या रात्री फोन लागला नसता. त्यांचा नंबर तसाच ठेवला आणि मला त्याचं एक पैशाचंही वाईट वाटत नाही. मुलाचाही तसाच ठेवला. होस्टेलला वायफाय नाही आणि त्याचा अभ्यास सगळा फोनच्या डेटावर चालतो.

फोन कुठला आहे तेही बघा. सासूबाईंकडे, म्हणजे आत्यांकडे, बटणांचा साधा २जी फोन आहे. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं, त्यामुळे जिओचं सिम अशा फोनमध्ये चालत नाही. स्वस्त प्लॅन घेऊन वर नवीन फोन घ्यावा लागला तर बचत कुठे राहिली?

आत्यांना डेटा लागतच नाही, तरी आम्ही त्यांना २९९ चा डेटावाला प्लॅन मारत होतो, तेरा वेळा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले, आणि जानेवारी २०२५ पासून ते मिळायला लागले. एअरटेल आणि व्हीआय या दोघांचाही ३६५ दिवसांचा असा प्लॅन तेव्हा १,८४९ ला होता. वर्षाचे ३,८८७ होते, त्याचे १,८४९ झाले, आणि त्यासाठी कंपनी बदलावी लागली नाही. म्हणून माझं सांगणं असं की पोर्ट करायच्या आधी आहे त्याच कंपनीच्या अॅपमध्ये सगळे प्लॅन खालपर्यंत बघा. स्वस्तातले प्लॅन बहुतेक वेळा तळाशीच असतात.

आत्यांच्या सिमने मात्र दुसरा धडा दिला. त्यांना सिम सासऱ्यांनी घेऊन दिलं होतं, स्वतःच्या नावावर. सासरे जाऊन पाच वर्षं झाली. मी विचारलं, "आत्या, हे सिम कुणाच्या नावावर आहे?" त्या म्हणाल्या, "माझंच आहे की गं, मीच बोलते त्यावर." नाव बदलायचं तर मृत्यू दाखला, आत्यांचं आधार आणि त्यांना स्वतःला घेऊन कंपनीच्या गॅलरीत जावं लागतं. आम्ही गेलो. दोन खेपा झाल्या, पण बँकेत त्यांचा तोच नंबर जोडलेला आहे, त्यामुळे ते करणं भागच होतं. तुमच्या घरात असं सिम असेल तर आधी नाव बदला. नावबदलाचा अर्ज चालू असताना पोर्टिंगचा कोड मिळत नाही. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर ओटीपी टाकून दिसतं. नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला नंबर असेल तर तिथलं अधिकृत पत्र लागतं.

आता प्रत्यक्ष पोर्टिंग. इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द लिहायचा, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० ला एसएमएस करायचा. जो नंबर हलवायचा त्याच सिमवरून. रिचार्ज संपला असला तरी हा एसएमएस जायला हवा, तसा ट्रायचा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. त्या सिमवर ९० दिवस झालेले नसतील किंवा पोस्टपेडचं निघालेलं बिल भरायचं राहिलं असेल, तर कोडऐवजी नकार येतो. जुलै २०२४ पासून आणखी एक नियम आहे: सिम हरवून किंवा खराब होऊन बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. फसवणूक टाळण्यासाठी आहे, आणि मला तो पटतो.

कोड चार दिवस चालतो. माझी चूक इथेच झाली. गुरुवारी कोड मागवला, मग लग्नाची मोठी ऑर्डर आली आणि मी दुकानातून हलले नाही. मंगळवारी गॅलरीत गेले तर कोड मेलेला. पुन्हा एसएमएस. तेव्हा आधी वेळ काढा, मग कोड मागवा. आणि तो कोड फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा कंपनीचं नाव घेऊन बोलत असला तरी.

कोड मागवला की जुन्या कंपनीचा फोन येतो. मला सवलत देऊ केली. मी म्हटलं, "मेसेजवर लेखी पाठवा." मेसेज आला नाही.

प्रीपेडवाल्यांनी दिवस मोजून काम करायचं. पोर्ट झालं की जुन्या सिमवरचा शिल्लक बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात. मी प्लॅन संपायला पाच दिवस असताना सुरुवात केली. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात, पोर्ट व्हायला कामाचे तीन दिवस लागतात, सर्कल बदललं तर पाच. आपल्याकडे हे लक्षात ठेवा: महाराष्ट्र आणि गोवा हे एक सर्कल, पण मुंबई वेगळं, आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई मुंबईच्या सर्कलमध्ये येतात. म्हणजे ठाण्याचा नंबर कराडला येऊन पोर्ट करणाऱ्याला पाच दिवस.

गॅलरीत मी आधार दिलं, तिथेच फोटो काढतात, बोटाचा ठसा घेतात. माझी बोटं सुईनं आणि कात्रीनं खरवडलेली, ठसा पहिल्या वेळी लागेना. पुन्हा ठसा मागितला तर आधी स्क्रीन स्वतः बघा, पहिला का नाकारला ते विचारा. एका पोर्टिंगला एकच सिम निघालं पाहिजे, दुसऱ्या ठशावर तुमच्या नावाने आणखी एक निघायला नको. पोर्टिंगची फी सात रुपयांच्याही आत असते, माझ्याकडून घेतलीच नाही. तिथून निघाल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० लाच रद्द करायचा एसएमएस करता येतो.

मग कोणत्या दिवशी बदल होणार त्याचा मेसेज येतो. त्या दिवशी बँकेचं काहीही ठेवू नका. जुनं सिम बंद पडतं आणि नवीन चालू होईपर्यंत काही तास फोन मुका असतो. माझं रात्री साडेअकराला बंद झालं, पहाटे उठून नवीन घातलं तर रेंज आली होती. पण यूपीआयच्या अॅपने नवीन सिम बघून पुन्हा नोंदणी मागितली, आणि सकाळी दोऱ्यांचा माल घेऊन आलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे रोख नव्हती. शेजारच्या दुकानातून उसने घेतले. तुम्ही घरात हजार-दोन हजार रोख ठेवा, आणि विजेचं बिल, हप्ता, गॅसचं बुकिंग आदल्या दिवशी उरका. नवीन सिमवरून एक कॉल लावा, एक घ्या, बँकेचा ओटीपी येतो का बघा. मगच जुनं सिम फेकून द्या.

ह्यांचं पोस्टपेडचं पोर्टिंग करताना आम्ही तेच प्रीपेड करून घेतलं, ते चालतं. मात्र पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, पोर्ट होईपर्यंत वापरलेल्या दिवसांचं. ह्यांना ते ईमेलवर आलं होतं आणि ईमेल हे कधी उघडत नाहीत. २१२ रुपये. ते न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करायला लावू शकते. मुलाने पुण्याहून ईमेल बघितला म्हणून कळलं. ते भरा, पावतीचा फोटो ठेवा, अनामत रक्कम ठेवली असेल तर परत मागा, आणि बँकेतली आपोआप बिल भरायची सूचना आठवणीने रद्द करा.

एवढं झाल्यावर माझ्या वहीत नवीन पान आहे. माझा आणि ह्यांचा रिचार्ज ८४ दिवसांनी, म्हणून दोघांच्या तारखा एकच ठेवल्या. आत्यांचा वर्षाने येतो, आणि वर्षाची तारीख हमखास विसरते. ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे, आठ दिवस आधीच्या चौकोनात.