जुनी गाडी पिकअपला अडखळते? कार्बोरेटर उघडण्याआधी या चुका टाळा

पॅडल दाबलं की गाडी पुढे झेपावण्याऐवजी क्षणभर गप्प बसते, मग एकदम उचलते. जुन्या गाडीची ही तक्रार आली की दहातले नऊ जण थेट कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवायला घेतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन का अडखळतं हे शोधण्याआधी ते नेमकं कधी अडखळतं, हे बघायला हवं.

पॅडल दाबताक्षणी अडखळून लगेच सावरत असेल, तर संशय अॅक्सिलरेटर पंप (पॅडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि हवेची गळती यांच्यावर. सुरुवातीला व्यवस्थित ओढून लांब चढावर काही सेकंदांनी दम सोडत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. वेग स्थिर ठेवला असतानाही मधूनच झटके येत असतील, तर आधी इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, बघा. हे न लक्षात घेता केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ.

एक सोपी चाचणी करा. इंजिन पूर्ण तापू द्या, मग चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका) किंचित ओढून गाडी चालवा. अडखळणं कमी झालं तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. वाढलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा दोष स्पार्कच्या बाजूला आहे. एवढ्याने निम्मी शोधाशोध वाचते.

टायमिंग न बघता आयडलिंग वाढवणं

ही चूक फार लोक करतात आणि तिचा माग काढणंही अवघड असतं. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताना ठिणगी पाडणाऱ्या जोडीची) टाच झिजते, त्यांच्यातली फट म्हणजे गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे पडतं. मग इंजिन आयडलिंगला, म्हणजे पॅडल सोडलेलं असताना, बंद पडू लागतं, म्हणून कोणीतरी आयडल स्क्रू आत फिरवतो. इंजिन चालू राहतं, पण आता थ्रॉटलची (पॅडलने उघडणारी) झडप नको तितकी उघडी असते. सोलेक्स किंवा वेबरसारख्या कार्बोरेटरमध्ये या झडपेच्या कडेला अगदी बारीक छिद्रं असतात. झडप उघडू लागली की त्यांतून पेट्रोल येतं आणि मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) सुरू होईपर्यंतची वेळ निभावून नेतं. आयडलिंगलाच ती छिद्रं उघडी पडली, तर पॅडल दाबल्यावर द्यायला काहीच शिल्लक राहत नाही. गाडी अडखळते, दोष कार्बोरेटरवर येतो, आणि मूळ कारण असतं प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये.

म्हणून क्रम पाळा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, त्यामुळे गॅप नेहमी आधी. अनेक जुन्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरमध्ये तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने लावू नका. आणखी एक, टायमिंग लाइटवरही (पुलीवरची खूण दाखवणाऱ्या दिव्यावर) डोळे झाकून विश्वास नको. रबर भरलेल्या क्रँक पुलीची बाहेरची रिंग वयोमानाने सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूणही सरकते. पहिला पिस्टन खरोखर वर आल्यावर खूण जुळते का, हे एकदा तपासून घ्या.

व्हॅक्यूम अॅडव्हान्स विसरणं

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूची चपटी डबी म्हणजेच व्हॅक्यूम अॅडव्हान्स, ती हलक्या पॅडलवर ठिणगी लवकर पाडते. तिच्यातला पडदा फाटला की हलक्या पॅडलवर गाडी मरगळते. कार्बोरेटरकडची नळी काढून सिरिंजने हवा ओढा. आतली पॉइंटची प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. लगेच परत आली तर पडदा गेला. प्लेट सरकताना तिच्याबरोबर वाकणारी छोटी वायरही नीट बघा. वरचं आवरण शाबूत आणि आतल्या तारा तुटलेल्या, असं इथे बरेचदा सापडतं. अशी गाडी उभी असताना छान चालते आणि पॅडल दाबलं की तुटक होते. नवं कार्बोरेटर बसवूनही हा दोष जात नाही.

जेट तारेने साफ करणं

जेट पितळेचा असतो. तार घातली की छिद्र मोठं होतं, आणि ते परत लहान करता येत नाही. क्लीनर आणि दाबाची हवा एवढंच वापरा.

अॅक्सिलरेटर पंप तपासायला कार्बोरेटर सोडवायची गरज नाही. इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टर काढा आणि थ्रॉटल हाताने उघडून आत बघा. पेट्रोलची धार त्याच क्षणी, जोरात आली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली, तर पंपाचा पडदा कडक झालाय, झडपेची गोळी चिकटलीय किंवा तोंड तुंबलंय.

एसयू प्रकारच्या कार्बोरेटरला सहसा असा पंप नसतो. तिथे वरच्या डॅशपॉटमधलं (तेलाच्या नळीतलं) तेल कार्बोरेटरमधल्या पिस्टनला झटकन वर उडू देत नाही आणि मिश्रण तेवढ्यापुरतं दाट ठेवतं. तेल संपलं की गाडी हमखास अडखळते, तरी ते बघायचं कोणाला सुचत नाही. बहुतेक ठिकाणी एसएई २० चालतं. बोटाने पिस्टन उचला: वर जाताना जड लागला पाहिजे आणि सोडल्यावर टक् आवाज करत खाली बसला पाहिजे.

गळती शोधताना घाई

गॅस्केटमधून हवा जाते म्हणून कार्बोरेटरचे नट करकचून आवळले, तर बैठकीचा भाग वाकतो आणि गळती वाढते. तापलेल्या इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधू नका, आग लागू शकते. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर टाळून पाण्याचा बारीक फवारा मारला तरी इंजिनचा आवाज बदलतो आणि जागा कळते. ब्रेक सर्व्होची (ब्रेकला जोर देणाऱ्या डबीची) नळी चिमटून बघा. थ्रॉटलची दांडी हलवून बघा, झिजली असेल तर तिथूनही हवा ओढली जाते.

पेट्रोलच्या बाजूला फिल्टर तर बघाच, पण टाकीचं झाकणही बघा. गाडी दम सोडत असताना झाकण उघडल्यावर हवा सूं करून आत गेली, तर हवेची वाट बंद आहे. पंपाच्या आधीची रबरी नळी तडकली असेल, तर पेट्रोल ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि त्यामुळेच ती नजरेतून सुटते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं.

एकाच वेळी सगळं बदलणं

प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर सगळं एकदम नवं घातलं आणि दोष तसाच राहिला, तर आता नक्की काय बिघडलंय हे सांगणार कोण? नवा कंडेन्सर डब्यातूनच सदोष निघू शकतो. चालू असलेला जुना भाग फेकू नका. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून बघा.

प्लगचा रंग वाचायचा असेल तर आयडलिंगनंतर काढू नका, काजळी धरून तो फसवतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी ओढत असताना क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि कडेला थांबवा. किल्ली मात्र स्विचमधून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. सर्व्होची मदत संपते, त्यामुळे ब्रेकही जड लागेल. प्लग जरा थंड होऊ द्या, मग काढा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा आणि कोरडा असेल तर जास्त.