टँगोत हालचालींचा कॉन्ट्रास्ट साधताना या चुका टाळा

अर्जेंटाइन टँगोची प्राथमिक पावले अंगवळणी पडली, की अनेकांची एकच तक्रार असते: पावले बरोबर पडतात, ताल सुटत नाही, तरी नृत्य सपाट वाटते. मग उपाय म्हणून आणखी अवघड आकृत्या शिकल्या जातात. वास्तविक हा सपाटपणा आकृत्यांच्या कमतरतेमुळे येत नसून सगळी पावले एकाच लांबीची, एकाच वेगाची आणि एकाच जोराची पडत असल्यामुळे येतो. ब्वेनोस आयरेसच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या नृत्यमेळाव्यांमध्ये, चालणे, वळणे आणि थांबणे एवढ्याच भांडवलावर संपूर्ण तांदा, म्हणजे सलग तीन-चार गाणी, रंगवणारे नर्तक असतात, ते पावलांच्या लांबी, वेग आणि जोरातल्या फरकाच्या, म्हणजेच कॉन्ट्रास्टच्या बळावर.

याच्या उलट चूक म्हणजे सगळेच ठळक करणे. प्रत्येक पावलाला झटका आणि प्रत्येक वळणाला वेग दिला, तर काहीच उठून दिसत नाही. चार मात्रांचे आवर्तन धरून पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर शांतपणे चालणे ही टँगोची मूळ गती आहे, आणि नृत्याचा मोठा भाग तिच्यातच गेला पाहिजे. ती जोडीदाराच्या अंगात मुरल्याशिवाय तिच्यापासून केलेली फारकत त्याला जाणवणारच कशी?

सर्वाधिक गोंधळ होतो तो विरामात. लीडर, म्हणजे हालचाल सुचवणारा, थांबतो आणि फॉलोअर, म्हणजे ती सूचना ओळखून नाचणारी, मात्र पुढचे पाऊल टाकून मोकळी होते. मग ‘तू वाट पाहत नाहीस’ अशी कुरबुर सुरू होते, जी बहुतेक वेळा चुकीच्या व्यक्तीवर केलेली असते. अशा वेळी लीडरने आधी आपले वजन नेमके कोणत्या पायावर आहे ते तपासावे, कारण वजन दोन्ही पायांत विभागून राहिले असेल किंवा पाय थांबूनही छाती पुढे सरकत असेल, तर फॉलोअरला मिळणारा संदेश चालत राहण्याचाच असतो. पाऊल पूर्ण करून वजन एका पायावर नीट स्थिरावू द्यावे, श्वास सोडावा आणि मिठी, म्हणजे जोडीदाराला धरलेली पकड, सैल न करता छाती जोडीदाराच्या समोर ठेवावी. मिठी ढिली पडली, की विराम संपतो आणि नुसते थांबणे उरते. पुन्हा निघतानाही पाय थेट उचलू नये. पावलाच्या किंचित आधी श्वास घेत छातीतून निघण्याची चाहूल द्यावी. फॉलोअरनेही प्रत्येक विराम पायाच्या अलंकरणांनी भरून काढण्याचा मोह आवरावा. गाण्यात एखाद-दोन ठिकाणी केलेले नाजूक अलंकरण लक्षात राहते, दर थांब्यावर केलेले केवळ सवयीचे वाटू लागते.

दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, पावले टाकताना तोल जाण्याचे कारण साधे असते: वेग दुप्पट होतो, पण पावलाची लांबी तीच राहते. निम्म्या वेळात तेवढेच अंतर कापायचे म्हणजे शरीर फेकावे लागते, आणि मग लीडर नकळत हातांनी ढकलू लागतो. वेग वाढवताना पाऊल आखूड करावे आणि हातांचा दाब होता तसाच ठेवावा. संथ पाऊल मात्र लांब घेता येते, फक्त ते मात्रेवर आपटून मग वाट पाहत उभे राहण्याऐवजी दोन मात्रांमधला सगळा वेळ वजन सरकवण्यात घालवावा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच त्याचा सराव कोणी करत नाही.

फरक कोठे करायचा हे संगीतावर सोपवावे. हुआन दारिएन्झो यांच्या वाद्यवृंदाचा ठेका धारदार आणि खेळकर असल्यामुळे तेथे दुगुण आणि छोटे, नेमके थांबे शोभतात. कार्लोस दी सार्ली यांच्या व्हायोलिनांच्या लांब ओळींवर तोच चटपटीतपणा उपरा वाटतो, तेथे लांब चाल आणि हळू वळण हवे. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्याकडे एकाच गाण्यात जड ठोका आणि जवळजवळ थांबलेली लय शेजारी शेजारी येतात, त्यामुळे नवशिक्यांना ते फार आकर्षित करतात, पण मूळ गती पक्की नसताना त्यांच्यावर नाचले, की निव्वळ अभिनय होतो. विरामासाठी सांगीतिक वाक्याचा शेवट ही सर्वांत सुरक्षित जागा आहे. वाक्य रंगात आले असताना थांबायचे, तर त्याला संगीतातच कारण असावे.

गर्दीच्या मिलोंगात जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने रांगेने फिरत असतात, हे विसरून घेतलेला दीर्घ विराम मागच्यांची वाट अडवतो आणि अचानक टाकलेले लांब पाऊल पुढच्यांवर आदळते. उंच बोलेओ, म्हणजे पाय झटक्यात हवेत फिरवणे, तर तेथे वर्ज्यच मानावा. जागा नसेल तेव्हा फरक मिठीच्या आत आणावा: एका पायावरून दुसऱ्या पायावर हळू वजन बदलणे, छातीचे लहानसे वळण, आणि पुढची जोडी सरकली की नेहमीच्या गतीत एक पाऊल.