फरशीला चकाकी का येत नाही? ओल्या पॅडने पॉलिश करताना या चुका टाळा

३००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका पॅड बारीक) पॅड फिरवून झाला, वर पावडर घासली, तरी ओट्याचा ग्रॅनाइट मंदच दिसतो. अशा वेळी साइटवर हमखास ऐकू येतं, "अजून थोडी पावडर टाक." पावडरीने काही फरक पडत नाही, दुपार मात्र निघून जाते. दोष बहुतेक वेळा शेवटच्या पॅडमध्ये किंवा पावडरीत नसतो. तो १०० किंवा २०० नंबरच्या वेळी, दगड अजून राखाडी दिसत असताना राहून गेलेला असतो.

जाड, म्हणजे कमी नंबरचा खरखरीत पॅड दगडावर चरे पाडतो. पुढचा पॅड त्याहून बारीक चरे पाडत आधीचे चरे काढून टाकतो. चरे डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत बारीक झाले की उजेड विखुरत नाही, सरळ परत येतो आणि दगडात खिडकीचं प्रतिबिंब दिसू लागतं. म्हणून प्रत्येक पॅडचं काम एकच: आधीच्या पॅडची खूण पूर्ण मिटवणं. १५०० नंबरचा पॅड ५० नंबरचा खोल चरा काढू शकत नाही. तो चऱ्याच्या दोन्ही बाजू चकचकीत करतो, त्यामुळे चरा उलट जास्त उठून दिसतो.

मधले नंबर गाळू नका

डायमंड पॅडचा (हिऱ्याचे कण बसवलेल्या पॅडचा) नेहमीचा क्रम ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० आणि मग बफ, म्हणजे शेवटची चकाकी आणणारा पॅड, असा असतो. दर टप्प्याला नंबर साधारण दुप्पट होतो आणि त्यामागे कारण आहे: एका पॅडचे चरे त्याच्या लगतच्या पॅडला थोड्या वेळात काढता येतात. ५० वरून थेट ४०० वर उडी मारली की ४०० चा पॅड तासभर फिरवला तरी खालचे चरे तसेच राहतात. वेळ वाचवायचाच असेल तर सुरुवातीचा नंबर नीट निवडा. फरशीचे कोपरे वरखाली असतील किंवा जुने खोल ओरखडे असतील तरच ५० लागतो. फक्त मंद पडलेल्या मार्बलला ४०० पासून सुरुवात पुरते. पहिला नंबर ठरला की मात्र पुढचा एकही गाळायचा नाही.

खूण गेली की नाही हे पाहायला साधी पेन्सिल पुरते. पॅड बदलण्याआधी दगड कोरडा करून त्यावर आडव्याउभ्या रेघा मारा. नवा पॅड सगळीकडे सारखा फिरला तर रेघा सगळीकडे सारख्या जातील. जिथे उरतील तिथे खड्डा आहे किंवा हात कमी फिरला आहे. जोडीला दिशा बदलत चला, एक नंबर लांबीत आणि पुढचा रुंदीत. आधीचा एखादा चरा उरला असेल तर तो नव्या खुणांना छेदून जातो आणि लगेच नजरेत भरतो.

ओल्या दगडावर विश्वास ठेवू नका

या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पाणी बारीक चऱ्यांत भरतं, त्यामुळे २०० नंबरचा दगडही ओला असताना पॉलिश झाल्यासारखा दिसतो. कारागीर समाधानाने पुढचा पॅड लावतो आणि खरी गोष्ट कळते दुसऱ्या दिवशी, फरशी वाळल्यावर. तेव्हा ८०० वरून परत १०० वर यावं लागतं.

प्रत्येक नंबरनंतर निदान हातभर जागा वायपरने ओढून, फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा आणि टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा जमिनीलगत आडवा धरून पाहा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे चरे तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतात. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर ही तपासणी तुम्ही स्वतः करा, आणि ४०० नंबरला नक्की करा. तिथपर्यंत दगड एकसारखा, मऊ मंद दिसायला हवा. ४०० ला डाग-चरे असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पॅड बदलताना धुण्याचा कंटाळाही असाच नडतो. ५० नंबरमधून सुटलेला एखादा कण ८०० च्या पॅडखाली आला की लांबलचक वळणदार ओरखडा पडतो. दर वेळी फरशी, पॅडची पाठ आणि मशीनचा वेल्क्रो, तिन्ही धुवा. सगळे पॅड एकाच पिशवीत कोंबून ठेवू नका. जाड पॅडमधले कण बारीक पॅडमध्ये तिथेच शिरतात.

वेग, दाब आणि पाणी

साधा चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. ओल्या रेझिन पॅडना (रेझिन म्हणजे हिऱ्याचे कण धरून ठेवणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) एवढा वेग सोसत नाही. चार इंची पॅडवर कमाल वेग लिहिलेला असतो आणि तो सहसा यापेक्षा बराच कमी असतो. दोन ते तीन हजार फेऱ्यांवर काम नीट होतं, बारीक नंबरला वेग आणखी उतरवावा. वेग जास्त, पाणी कमी आणि हाताचा भार मोठा असा योग आला की पॅडमधलं रेझिन तापून वितळतं आणि रंगीत फराट्यासारखं दगडाला चिकटतं. पांढऱ्या मार्बलवर लाल-पिवळे पट्टे उमटतात ते यामुळेच. असा फराटा घासून जात नाही. एक-दोन नंबर मागे जाऊन तो थर काढावा लागतो. फिकट दगडासाठी पांढरे पॅड आणि पांढरा बफ, काळ्या ग्रॅनाइटसाठी काळा बफ, हा भेद पाळला तर ही भीती बरीच कमी होते.

दाब देऊ नका, मशीनचं वजन पुरतं. पॅड पूर्ण सपाट ठेवा. एका कडेवर झुकवला की अर्धचंद्राकार खुणा पडतात. त्या ओट्याच्या पुढच्या कडेला, मोल्डिंगजवळ सगळ्यात जास्त दिसतात.

पाण्याचाही मध्य साधावा लागतो. फार कमी असेल तर पॅड जळतो. धो धो सोडलं तर पॅड पाण्यावर तरंगतो आणि घासतच नाही. पॅडभोवती दुधासारखा पातळ गाळ दिसत राहिला तर प्रमाण बरोबर आहे. पॅड नुसता गुळगुळीत होऊन घसरू लागला तर तो संपला असं समजून फेकू नका. कठीण ग्रॅनाइटवर हिऱ्याचे कण रेझिनखाली झाकले जातात. एखाद्या खरखरीत काँक्रीटच्या तुकड्यावर पॅड थोडा घासला की तो पुन्हा कापू लागतो.

दगड ओळखल्याशिवाय पावडर लावू नका

इथे थोडं थांबून समजून घेणं गरजेचं आहे, कारण इथली चूक दगड बदलल्याशिवाय सुधारत नाही, निदान पुन्हा घासल्याशिवाय तरी नाहीच. मार्बल, कोटा, कडप्पा, शहाबादी हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांचं मुख्य खनिज कॅल्साइट, मोह्सच्या १ ते १० च्या मापावर कठीणपणा ३. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करण्याचं ॲसिड, यांतलं काहीही त्यांना खातं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, कठीणपणा ६ ते ७. ते सौम्य ॲसिडला दाद देत नाही. त्यामुळे एकाची पावडर दुसऱ्याला चालतेच असं नाही.

मार्बल आणि मोझॅकसाठी वापरतात त्या पावडरीत बहुधा ऑक्झॅलिक ॲसिड असतं. ते कॅल्साइटशी थोडी रासायनिक क्रिया करून झळाळी वाढवतं. पण प्रमाण पाळावं लागतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत मोझॅकसाठी ६०, ८० आणि १२० नंबरच्या दगडांनी घासून झाल्यावर चौरस मीटरला ३३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड शिंपडून नमद्याने (लोकरीच्या जाड फेल्टने) घासायला सांगितलं आहे. मूठभर पावडर ओतून बराच वेळ फिरवत राहिलं तर मार्बलचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत होतो. आधी सुंदर चमक येते म्हणून हात थांबत नाही, आणि तिथेच घात होतो. चमक आली की लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घाला, डबा मुलांपासून दूर ठेवा.

लिंबाचा थेंब पडून मार्बलवर उठलेला पांढुरका ठिपका हा डाग नसतो. तिथला दगडच थोडा विरघळलेला असतो, म्हणून कुठल्याही साबणाने तो जात नाही. ४०० किंवा ८०० पासून तेवढी जागा पुन्हा घासणं हाच उपाय.

कडप्प्यावर खोबरेल तेल किंवा डिझेल फिरवून काळेपणा आणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडा. दोन दिवस छान दिसतं, मग धूळ बसून मळकट चिकट थर होतो आणि नंतर पॉलिश करताना पॅड त्यातच बुजतात. आणि कोकणात, गोव्यात कुणी जांभ्याला पॉलिश करून देतो म्हणालं तर नको म्हणा. तो सच्छिद्र दगड आहे, घासला की नुसता झडतो.

काँक्रीट आणि आयपीएस

काँक्रीटला घाई चालत नाही. २८ दिवस नीट क्युअरिंग आणि वाळवण झाल्याशिवाय मशीन लावलं तर खडी उखडते. सुरुवात मेटल बाँडच्या (हिऱ्याचे कण धरून ठेवणारा भाग, म्हणजे बाँड, धातूचा असलेल्या) डायमंडने करावी लागते आणि इथे नियम उलटा वाटतो: कठीण काँक्रीटला मऊ बाँड, मऊ काँक्रीटला कठीण बाँड. कठीण पृष्ठभागावर बाँड झिजला तरच नवे हिरे वर येतात.

साधारण १०० ते २०० नंबरच्या दरम्यान डेन्सिफायर लावतात. हे सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियमचं सिलिकेट. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन पृष्ठभाग घट्ट होतो. ते वगळलं तर मऊ, भुकटी सुटणाऱ्या कोब्याला कितीही बफ मारा, चमक टिकत नाही. उलट जास्तीचं डेन्सिफायर वर वाळू दिलं तर पांढरी काचेसारखी पापडी बसते, ती परत घासूनच काढावी लागते.

आयपीएस म्हणजे इंडियन पेटंट स्टोन, जागेवरच ओतलेली काँक्रीटची फरशी. तिच्यावर सिमेंटचा निरूचा (वरच्या गुळगुळीत लेपाचा) थर अगदी पातळ असतो. जाड नंबर लावला की तो निघून खालची खडी दिसू लागते, तीही कुठे आणि कुठे नाही. खडी दिसायला हवी की नको हे घरमालकाने आधी ठरवावं. एका कोपऱ्यात दोन फूट जागा पूर्ण शेवटपर्यंत करून दाखवायला सांगा आणि ती पाहूनच होकार द्या.

सीलर (फरशीची छिद्रं बंद करणारा लेप) लावल्यावर काही आठवड्यांत पांढरा लोणा वर आला तर फरशीत ओल होती. ओलीचं मूळ शोधण्याआधी दुसरा हात देऊ नका, ओल आत कोंडली जाते. फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर सीलरला अजून वेळ आहे.

गाळ आणि वीज

ओल्या घासण्याने धूळ उडत नाही हा मोठा फायदा. ग्रॅनाइट आणि काँक्रीटच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पण गाळ तसाच वाळू दिला तर दुसऱ्या दिवशी झाडताना तीच धूळ नाकात जाते. गाळ ओला असतानाच उचला. नहाणी ट्रॅपमध्ये ढकलू नका, आत बसून घट्ट होतो आणि पाइप फोडावा लागतो. काँक्रीटचा गाळ अल्कलीधर्मी असतो, त्वचा पोळते, म्हणून कारागिरांना गमबूट आणि हातमोजे द्या. ते मागणार नाहीत, आपण द्यायचे.

पाण्यात चालवण्यासाठी बनवलेलीच मशीन वापरा. साध्या ग्राइंडरवर पाण्याची नळी धरून काम करू देऊ नका, पैसे वाचत असले तरी. तीन पिनांचं अर्थिंग असलेलं सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याखेरीज मशीन सुरू होता कामा नये. वायरचा जोड जमिनीवर लोळत असेल तर आधी तो वर टांगून घ्या, मगच पाणी सोडा.