जुनी ३१५ घेताना लाकडाला भुलू नका

आमच्या निफाडकडे बंदुकीचा विषय निघाला की बिबट्या आणि रानडुक्कर येणारच. म्हणून आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे. उसातल्या बिबट्याचं तर नावच काढू नका. पिकात शिरणारं रानडुक्कर असलं तरी वनखात्याची लेखी परवानगी खिशात असल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. माझी जुनी ३१५ बोअरची रायफल (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) रेंजवर जाते, परत येते आणि कपाटात उभी राहते. एवढ्यासाठी का घेतली, असं आमची मंडळी विचारते. उत्तर अजून सापडलेलं नाही.

परदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या रायफली कवडीमोल भावात विकायला निघाल्या. लोकांनी त्या घेतल्या, पुढचं लांबलचक लाकूड छाटलं, आणि झाली शिकारीची रायफल. आपल्याकडे ते जमण्यासारखं नव्हतं, कारण इथल्या फौजेच्या रायफलीचा थ्री नॉट थ्री (.३०३) हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे नागरिकाला मनाई असलेला. म्हणून महायुद्धाच्या आधीच ब्रिटनच्या बीएसए कंपनीने आणि पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीचीच ॲक्शन, म्हणजे काडतूस भरणारी आणि झाडणारी यंत्रणा, ठेवून ३१५ बोअरची रायफल काढली. गंमत म्हणजे हे ३१५ चं काडतूसही मूळचं फौजेचंच, पण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या. इथल्या फौजेत ते नव्हतं म्हणून नागरिकाला चाललं. तेव्हा फौजी हाडाची आणि शिकारी अंगाची स्वस्त रायफल आपल्याला हवी असेल तर ती हीच.

स्वस्त का मिळते? आजोबांच्या नावावर रायफल असते, आजोबा जातात, नातवाला ना परवाना हवा असतो ना झंझट. २०१९ पासून साध्या परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे तिसरं असलेल्यांनाही ते काढावं लागलं. मला नाशिकमधल्या अशाच एका घरातून ४० हजारांत मिळाली. पण पैसे मोजण्याआधी तुमचा स्वतःचा परवाना हवा, त्यावर रायफल घेण्याची मुभा हवी. पोलीस आयुक्त असलेल्या शहरात असाल तर आयुक्तालय, आमच्यासारखे ग्रामीण असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ‘आत्ता घेऊन जा, कागद नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

आता रायफल हातात घ्या. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मुठीचा दांडा, मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री करा. मालक ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरी करा.

मग नंबर. ॲक्शनवरचा, बोल्टच्या मुठीमागचा आणि परवान्यावरचा नंबर एकच हवा. बोल्ट दुसऱ्या रायफलचा असला तर तो बसेल, फिरेल, खटकाही पडेल. पण काडतुसाच्या मागे किती जागा राहते हे नजरेला कळत नाही, आणि ती जास्त राहिली तर काडतुसाचं पितळी कवच फाटून गॅस डोळ्यांकडे येतो. नंबर खरवडलेला दिसला तर रायफल जिथल्या तिथे ठेवा आणि निघा. तो दोष नाही, गुन्हा आहे.

नळीत मागून टॉर्च मारून पुढून पाहा. काळपट नळीला घाबरायचं कारण नाही, साफ केल्यावर बहुतेक वेळा नळीतल्या पिळदार खाचांच्या कडा वर येतात. खड्डे मात्र जात नाहीत. तोंडाकडे विशेष लक्ष द्या. देवळालीचे एक निवृत्त हवालदार माझ्याबरोबर आले होते. त्यांनी नळीच्या तोंडावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “दोरीने खाल्लीय का बघतोय.” पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, तिरपा ओढायची सवय असली की दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासते, तोंड लंबगोल होतं आणि गोळी भरकटते. माझी वाचली होती. लाकूड बघून मात्र हवालदारांनी तोंड वाकडं केलं. कुणीतरी त्यावर फर्निचरचं चकचकीत पॉलिश फासलं होतं.

मी घाई केली ती इथेच. मागचा दस्ता काढायचा तर त्याच्या तळाची पत्री उघडून आत लांब स्क्रू ड्रायव्हर घालायचा आणि दस्ता धरून ठेवणारा मोठा बोल्ट (वरचा मुठीचा नव्हे, हा वेगळा) फिरवायचा, एवढं मला माहीत होतं. फिरवला. कट्ट असा आवाज आला. या जुन्या ॲक्शनमध्ये त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी उतरवायचं, मगच दस्ता. उलट केलंत तर बोल्ट फिरताना पुढच्या लाकडाला मागून चिरतो. माझ्या लाकडाला बोटभर चीर गेली. परवानाधारक गनस्मिथकडून ती चिकटवून घेतली. त्याने ॲक्शनला टेकणारे, तेलाने मऊ पडलेले कोपरेही कापून नवं लाकूड बसवलं. धक्का तिथेच बसतो, म्हणून ते कोपरे ढिले असले की नेम रोज वेगळा लागतो.

लोखंडाचं कुठलंही काम घरी करू नका. नळी कापणं, चेंबरला हात लावणं, हे हौसेचं काम नाही आणि कायद्यानेही तुमचं नाही. काडतुसामागची ती जागा गेज लावून त्याच गनस्मिथकडून मोजून घ्या, तोवर एकही काडतूस भरू नका.

लाकूड मात्र खुशाल आपलं. पॉलिश काढायला रिमूव्हर लावा, काच किंवा खरखरीत पेपर नको. कारखान्याचे शिक्के एकदा घासले गेले की गेले. पोचे काढायला ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. माझ्या दस्त्यावरचा हरभऱ्याएवढा खड्डा चौथ्या वेळेला जवळपास सपाट झाला. मग डबल बॉइल्ड अळशीचं तेल. रविवार कारंज्याजवळच्या रंगाच्या दुकानातून अर्धा लिटर आणलं, अजून पुरतंय. तळहातावर चार थेंब, लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, तासाभराने उरलेलं पुसून काढायचं, दुसरा हात दोन दिवसांनी. जाड थर दिलात तर चिकट होतो आणि धूळ धरतो. मी सात हात दिले. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मी विहिरीच्या कठड्यावर पसरून वाळवतो.

जुनी काडतुसं वापरली असतील तर गोळीबारानंतर नळीत आधी उकळतं पाणी, मग तेल. त्या काडतुसांच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या रसायनाचं मीठ मागे राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि नुसत्या तेलाने विरघळत नाही. पाणी गेल्यावर कोरड्या चिंद्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. पावसाळ्यात रायफल कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. कव्हर शोभेचं, ओल धरणारं. कुलूपबंद कपाटात उघडी, हलकं तेल लावून, काडतुसं वेगळ्या कुलपात.

नेम रेंजवरच बसवायचा. पाच गोळ्या झाडा, मग निशाणाचा पुठ्ठा बघा. एका गोळीवर माशी, म्हणजे नळीच्या तोंडावरचा नेमाचा खुंट, हलवू नका. गोळ्या डावीकडे पडत असतील तर माशी डावीकडेच सरकवायची. माशी जिकडे जाईल त्याच्या उलट बाजूला गोळी जाते. हे माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं, आणि पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या पुठ्ठ्याबाहेरच गेल्या.

निवडणुकीत रायफल जमा करायला सांगतात. न्यायच्या आदल्या दिवशी नळीत ग्रीस भरा, दस्त्यावरच्या एकेका ओरखड्याचा फोटो काढा, पावतीवर नंबर स्वतः तपासा. आणि परत आणल्यावर ग्रीस काढल्याशिवाय बोल्ट लावूच नका.