स्पर्धेच्या शॉटगनला झटपट भरण्याचे पार्ट लावताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या थ्री-गन (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन) स्पर्धेत शॉटगनवाल्याचा वेळ जातो तो झाडण्यात नाही, भरण्यात. बारा बोअरची ट्यूब (नळीखालचं मॅगझिन) एका स्टेजमध्ये (स्पर्धेच्या एका फेरीत) पुन्हापुन्हा भरावी लागते, म्हणून हौशी नेमबाज पहिली मॅच झाली की मोठं बोल्ट रिलीज बटण (चेंबर बंद करणारा सरकता बोल्ट सोडणारं), लांब ट्यूब, नवा फॉलोअर (ट्यूबमधली काडतुसं मागे ढकलणारा तुकडा), रुंद लोडिंग पोर्ट (काडतुसं आत घालायचं तोंड) असं सगळं एकदम मागवतात आणि एका बैठकीत बसवून मोकळे होतात. सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नंतर बंदूक अडकली की चारांपैकी नडतंय कोण, ते शोधत बसा. एक पार्ट लावा, रेंजवर दोन-तीन खोकी झाडून बघा, मगच पुढचा.

बसवताना आणि सराव करताना त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. चेंबर आणि ट्यूब दोन्ही डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. डमी काडतुसं घ्या, पण वजनदार घ्या. रिकामी प्लास्टिकची डमी इतकी हलकी असते की कमजोर स्प्रिंगसुद्धा तिच्यावर पास होते.

आता पोर्ट. क्वाड लोडमध्ये पट्ट्यावरच्या कॅडीतून (काडतुसं धरणाऱ्या साच्यातून) चार काडतुसं एका मुठीत येतात आणि दोन-दोन करून अंगठ्याने आत ढकलली जातात. मागच्या काडतुसाची कड लॅचच्या (काडतूस ट्यूबमध्ये अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) पुढे जाऊन ‘टक्’ होईपर्यंत अंगठा आत पोचला पाहिजे. मूळ पोर्टच्या पुढच्या काठावर अंगठा अडतो, काडतूस अर्ध्यावर राहतं आणि उलटं सरकून लिफ्टरपाशी (काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीपाशी) येऊन बसतं. मग लिफ्टर हलत नाही, बोल्ट हलत नाही, आणि घड्याळ मात्र चालू असतं. यावर उपाय म्हणून पोर्टचा काठ उतरता करतात. इथे लोक हातात रोटरी टूल घेऊन सुटतात. बेनेली एम-२ सारख्या बंदुकीचा रिसीव्हर (मुख्य सांगाडा) अॅल्युमिनियमचा असतो. तो लोण्यासारखा कापला जातो आणि कापलेलं परत येत नाही. त्यावर नंबर कोरलेला असतो, म्हणजे तो बिघडला तर बंदूकच गेली. ट्रिगर गार्ड मात्र बदलता येतो. म्हणून आधी गार्डची पुढची धार मोडा, डमीने भरून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. रिसीव्हरला हात लावायचाच असेल तर हातकानस, मग बारीक पॉलिश पेपर. ट्यूब जिथे रिसीव्हरमध्ये आट्यांनी बसते त्या बाजूला जाऊच नका. काठ किती उतरवायचा याचं माप कुणी छापील देत नाही, कारण ते तुमच्या अंगठ्यावर ठरतं. दुसऱ्याच्या बंदुकीचा फोटो बघून कापू नका.

लिफ्टर अंगठ्याला चावतो म्हणून त्याची फट वेल्डिंगने भरून टोक लांब करून घेण्याची पद्धत आहे. चांगली आहे, पण लांबी बेताची हवी. टोक जरा जास्त पुढे गेलं की ट्यूबमधून मागे येणाऱ्या काडतुसाच्या वाटेत येतं. लक्षण ओळखायला सोपं: भरायला बंदूक लोण्यासारखी, पण झाडताना दर काही काडतुसांमागे एक आत येतच नाही. वेल्डिंग शक्यतो गनस्मिथकडून करून घ्या. पातळ भागाला जास्त आच लागली तर तो वाकतो.

मोठ्या बटणाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. अर्ध्या लोकांना त्याची गरज नसते. बेरेटा १३०१ मध्ये बोल्ट बंद असताना हेच बटण दाबलं गेलं तर ट्यूबमधलं काडतूस अवेळी मागे सुटतं. उलटी बंदूक खांद्यावर घेऊन भरताना तळहाताची कड नेमकी तिथे येते. बटण बसवल्यानंतरच अडकाअडकी सुरू झाली असेल तर दुसरीकडे शोधू नका.

लांब ट्यूबच्या तक्रारी बहुतेक दोनच जागी असतात. एक म्हणजे मूळ ट्यूब आणि एक्स्टेन्शनचा सांधा. स्प्रिंग काढून फॉलोअर लाकडी काठीने पुढेमागे सरकवा; सांध्यावर खरखर किंवा ठेच लागली तर आतली धार मोडा. दुसरी जागा स्प्रिंगची. ती लांब येते, ती लगेच कापायची नसते. ट्यूब काठोकाठ भरायचा प्रयत्न करा. शेवटचं काडतूस जोर लावूनही जात नसेल तरच एक-एक वेढा कमी करा आणि कापलेलं टोक टोपणाकडे ठेवा. मग नळी वर धरून शेवटची दोन डमी मागे नीट येतात का ते बघा. स्प्रिंग आखूड झाली की आधी तिथेच लंगडते. आणखी एक: ‘७० मिलिमीटर’ ही काडतूस झाडून तोंड उलगडल्यानंतरची लांबी, भरलेलं काडतूस ६० च्या आसपास किंवा त्याहून आखूड, आणि कंपनीगणिक वेगळं. त्यामुळे एक्स्टेन्शनच्या पाकिटावर लिहिलेली क्षमता तुमच्या काडतुसांत मिळेलच असं नाही. क्लॅम्पचे स्क्रू फार आवळले तर ट्यूब चेपते, फॉलोअर अडकतो, आणि स्लगचा (एकच जाड गोळी असलेल्या काडतुसाचा) मारही सरकू शकतो.

विकत घेण्याआधी नियमपुस्तक उघडा. चार काडतुसांच्या नळीचा स्पीडलोडर आणि त्यासाठी पोर्टला लागणारी खोबण हा ओपन डिव्हिजनचा (फेरफारांची जास्त मोकळीक असलेल्या गटाचा) मामला. टॅक्टिकलमध्ये तो चालत नाही. कायदा तर राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत, जिथे आपली मंडळी पुष्कळ, मॅगझिनमध्ये सहाहून जास्त काडतुसं मावणारी सेमी-ऑटो शॉटगन ‘असॉल्ट फायरआर्म’ ठरते, म्हणजे एक्स्टेन्शन हा तिथे निव्वळ हौसेचा विषय उरत नाही. आयात केलेल्या बंदुकीला अमेरिकी संघीय कायद्याच्या ९२२ आर कलमाचा परदेशी पार्टांचा हिशेब लागतो. एच-१बीवर असाल तर शिकारीचा वैध परवाना किंवा कायद्यातला तसाच दुसरा अपवाद असल्याशिवाय बंदूक आणि काडतुसं बाळगताच येत नाहीत. भारतात ट्रॅप आणि स्कीट दुनळीवर चालतात, तिथे हे पार्ट कामाचेच नाहीत.

शेवटची तक्रार बेनेलीवाल्यांची: ट्रिगर दाबला, ‘क्लिक’ झालं, बार नाही. मोठं चार्जिंग हँडल लावलं असेल तर भरताना हाताचा धक्का लागून बोल्ट केसभर मागे सरकलेला असतो आणि पुरता फिरून लॉक झालेला नसतो. नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट ओढा. हँडल लहान करून बघा. तरीही बंदूक अडखळत असेल तर वजन तपासा: इनर्शियावर चालणाऱ्या बंदुकीला धक्क्याने मागे सरकावं लागतं, आणि लांब ट्यूब, क्लॅम्प, साइड सॅडल (बाजूला लावलेला काडतुसांचा धारक) असं सगळं लादल्यावर २४ ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या लोडला ते जमत नाही. त्याच दिवशी, त्याच बंदुकीत ३२ ग्रॅमचं खोकं झाडून बघा. ते सुरळीत चाललं तर कानस खाली ठेवा आणि सामान कमी करा.