मूल सांगू लागलं तर: गावात बाललैंगिक अत्याचार रोखण्याचं प्रशिक्षण कसं द्यावं

असं प्रशिक्षण ठेवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी शाळेत दोनशे मुलं एकदम बसवतात, पडद्यावर चांगला स्पर्श-वाईट स्पर्श दाखवतात, "नाही म्हणा, पळा, सांगा" घोकून घेतात आणि फोटो काढून निघतात. त्या रात्री एखादी मुलगी धीर करून आईला सांगते. आई म्हणते, "गप बस, बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस." ती मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी मोठ्यांचं प्रशिक्षण, मग आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे आणि त्यानंतर मुलांचं. आधी मुलांचं घ्या असा आग्रह शाळेनं धरला, तर तारीख पुढं ढकला. राखण करण्याचं काम मोठ्यांचं आहे, ते आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घालायचं नाही.

कोणाला आणि कधी बोलवायचं

एका गटात २० ते २५ माणसं, त्याहून जास्त नकोत. अंगणवाडीताई, आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील, ग्राम बाल संरक्षण समितीचे सदस्य हे तर आलेच. त्यांच्याशिवाय शाळेच्या गाडीचा चालक, क्लास घेणारे, वसतिगृहाचे अधीक्षक आणि स्वयंपाकी, मंडळाची पोरं हवीत. बायकांचा गट दुपारी, पुरुषांचा रात्री आठनंतर, डेअरीला दूध घालून झाल्यावर. पुरुषांचा गट ऐच्छिक ठेवू नका. "बायकांना सांगितलं की झालं" हे सरपंचांकडून ऐकायला मिळतं, ते मान्य करू नका.

बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात हे सगळं दसऱ्याच्या आत उरका. आई-बाप कारखान्यावर गेले की मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. मग प्रशिक्षणाची खरी गरज त्या आजीला आणि वसतिगृहातल्या माणसांना आहे, आणि ती टोळ्या निघायच्या आधीच.

जागा शाळेची खोली किंवा समाजमंदिर. देवळाचा सभामंडप नको: काही बायका पाळीमुळे येत नाहीत, आल्या तरी तिथं शरीराची नावं तोंडातून निघत नाहीत. लाउडस्पीकर नाही, चित्रीकरण नाही. सोबत आलेल्या लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत एक माणूस बसवा, कारण आत चाललेलं त्यांच्या कानावर पडता कामा नये. प्रशिक्षक दोन हवेत. एकट्यानं हे प्रशिक्षण देऊ नये, का ते पुढं येईल.

त्याच आठवड्यात स्वतः फोन लावून चार नंबर खरे करून घ्या: पोलीस ठाणं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि जवळचं सरकारी रुग्णालय. मागच्या वर्षीचा कागद वापरू नका.

सुरुवातीचा अर्धा तास

पहिली पाच मिनिटं नियमांची. इथं कुणी स्वतःच्या किंवा शेजारच्या घरातली गोष्ट नावानिशी सांगायची नाही. सांगायची असेल तर नंतर एकट्यानं भेटा. आणि हे आधीच स्पष्ट करा की १८ वर्षांखालच्या मुलाबद्दल काही कळलं तर ते पोलिसांना कळवणं कायद्यानं आमच्यावर बंधनकारक आहे. ही सूचना न देता लोकांना बोलतं करणं हा त्यांचा विश्वासघात आहे.

मग थोडी आकडेवारी. महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्त होते. निम्म्या प्रकारांत करणारा ओळखीचा, विश्वासातला माणूस होता. मुलग्यांचा आकडा फळ्यावर मोठा लिहा. "आमच्या घरात मुलगी नाही" म्हणून मागं टेकून बसलेला बाप तेव्हा पुढं सरकतो.

त्यानंतर शब्द. घराघरांत "फूल", "चिमणी", "तिकडं" अशी लाडाची नावं असतात. मूल शिक्षकांना म्हणालं, "काकांनी माझी चिमणी धरली", तर शिक्षक खिडकीबाहेर बघतील. शिश्न, योनी, स्तन, गुदद्वार हे शब्द सगळ्यांकडून एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. घरी लहान मुलांसाठी शूची जागा, शीची जागा, छाती एवढं चालेल. शब्द असा हवा की परक्या माणसालाही कळेल. पोलीस आणि डॉक्टर दोघेही परकेच असतात.

ऐकण्याची तालीम

इथं पूर्ण एक तास द्या. वेळ कमी पडला तर कायद्याचा भाग कापा, आकडेवारी कापा, यातलं एक मिनिटही कापू नका. "मुलांवर विश्वास ठेवा" हे भाषणात ऐकून सगळे मान डोलावतात. प्रत्यक्ष मूल समोर उभं राहिलं की तोंडातून वर्षानुवर्षं रुळलेलं वाक्यच बाहेर पडतं. ते बदलायला तोंडालाच सराव द्यावा लागतो.

तिघातिघांचे गट करा: एक मूल, एक ऐकणारा, एक टिपून घेणारा. मुलाचं सोंग मोठ्या माणसानंच घ्यायचं. खऱ्या मुलाला या खेळात कधीही, कुठल्याही कारणानं उभं करू नका. मुलाच्या हातात चिठ्ठी द्या आणि तिच्यावर अर्धवट वाक्य लिहा, कारण मुलं अर्धवटच बोलतात. पहिल्या फेरीत नऊ वर्षांची मुलगी: "मला त्या दुकानात पाठवू नको ना." दुसऱ्या फेरीत अकरा वर्षांचा मुलगा: "मी वसतिगृहात परत नाही जाणार." तिसऱ्या फेरीत सात वर्षांची मुलगी: "मामा आला की मी आजीजवळ झोपणार." तिसऱ्या चिठ्ठीच्या मागं ऐकणारीसाठी एक ओळ हवी: हा मामा तुमचा सख्खा भाऊ आहे आणि घराचा हप्ता तोच भरतो. गावातल्या खऱ्या घटनेशी मिळतंजुळतं काहीही लिहू नका, गाव लगेच ओळखतं.

फेरी चार मिनिटांची. टिपणाऱ्यानं फक्त ऐकणाऱ्याची पहिली तीन वाक्यं लिहायची, जशीच्या तशी. मत लिहायचं नाही. फेरी संपली की ती वाक्यं मोठ्यानं वाचायची. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस गप्प होतो, तुम्हाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आदर्श संवाद आधी करून दाखवण्याचा मोह टाळा. लोक त्याची नक्कल करतात आणि घरी गेल्यावर विसरतात. आधी चुकू द्या.

चुका जवळजवळ ठरलेल्या असतात.

पहिली म्हणजे "का". "आधी का नाही सांगितलंस?" "तू एकटी का गेलीस?" आईच्या मनात काळजी असते, मुलाला ऐकू येतो तो आरोप. इथंच बरीच मुलं "काही नाही, असंच" म्हणून मागं फिरतात.

दुसरी म्हणजे शपथ: "सांग, मी कुणाला सांगणार नाही." हे वचन मोडावंच लागतं, आणि मोडलं की मुलाच्या लेखी तुम्हीही त्या माणसासारखेच खोटे ठरता.

तिसरी उलटतपासणी. "त्यानं इथं हात लावला का? कपडे काढले का?" उत्तर तुम्हीच सुचवत असता. मूल भीतीनं हो म्हणतं नाहीतर नाही म्हणतं, आणि पुढं न्यायालयात बचावाचा वकील म्हणतो की हे आईनं पढवलंय. त्याच कारणानं पोलिसांकडे जाण्याआधी मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये.

चौथी पुरुषांच्या गटात हमखास दिसते: ऐकणारा उठून उभा राहतो, "कुठाय तो? बघतोच त्याच्याकडं." मूल घाबरतं, आपल्यामुळं बापाला जेल होईल असं त्याला वाटतं. तिकडं तो माणूस सावध होतो, मोबाइलमधलं पुसून टाकतो, मुलाला धमकावतो किंवा पसार होतो.

पहिल्या फेरीनंतर फळ्यावर चार वाक्यं लिहा आणि प्रत्येकाला आपापल्या बोलीत म्हणायला लावा. "सांगितलंस ते फार बरं केलंस." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "यात तुझी काही चूक नाही." "आता पुढचं मी बघते, तुला मदत करणाऱ्यांनाच सांगीन." प्रश्न दोनच: "काय झालं ते सांगशील?" आणि "आत्ता कुठं दुखतंय का?" मूल बोलेल तेवढं ऐकायचं, थांबलं की थांबायचं. नंतर बाजूला जाऊन त्याचेच शब्द तारीख-वेळेसह वहीत उतरवायचे. "चिमणी धरली" म्हणालं असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका.

तिसरी फेरी अवघड जाते आणि जायलाच हवी. पहिल्या दोन फेऱ्यांत नीट बोललेल्या बायका इथं म्हणतात, "आधी भावाशी बोलून बघते." या वाक्यावर खेळ थांबवा आणि गटाला विचारा: तुम्ही बोललात, तो "शपथेवर नाही" म्हणाला, मग आज रात्री मूल कुठं झोपणार? उत्तराची घाई करू नका, शांतता राहू द्या. मग सांगा की भावाला विचारणं हे तुमचं काम नाही, तपास पोलिसांचा आहे. तुमचं आजच्या रात्रीचं काम मूल आणि तो माणूस एका छपराखाली राहणार नाहीत एवढं बघणं, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावणं. हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. घरात कुणी साथ देणार नसेल तर अंगणवाडीताईच्या फोनवरून लावा.

पुरुषांच्या पहिल्या फेरीत कुणीतरी हसतंच. ते हसू अवघडलेपणाचं असतं. झापू नका, खेळ थांबवा, हसणाऱ्याला टिपणारा करा. मुलाचं सोंग त्याला देऊ नका.

आणि दोन प्रशिक्षक का, ते इथं. २५ जणांत हे लहानपणी स्वतः सोसलेलं कुणीतरी असतंच असं धरून चाला. एखादी व्यक्ती एकदम गप्प होते, रडते, उठून जाते. दुसऱ्या प्रशिक्षकानं मागं जायचं, पाणी द्यायचं, शेजारी बसायचं, काही विचारायचं नाही. त्यांना परत खेळात ओढू नका. निघताना १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्यातल्या सखी केंद्राची (अत्याचार सोसलेल्या बायकांना मदत करणाऱ्या केंद्राची) माहिती हळूच हातात द्या. शेवटच्या फेरीनंतर प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगून सोंग उतरवायचं. हे क्षुल्लक वाटतं, पण ज्यांनी मूल होऊन पाहिलं त्यांना त्याची गरज असते.

कायदा आणि दवाखाना

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शाळेतली चौकशी समिती आधी, पोलीस नंतर, असा क्रम कायद्यात नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. गावकीत बसून पैसे घेऊन मिटवणं म्हणजे गुन्हा दडवणंच.

लोकांना खरी भीती पोलीस ठाण्याची असते. म्हणून हे सांगा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून, आणि अधिकारी गणवेशात नसावा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं.

तक्रार नोंदवलेली नसली तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. उपचार सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांत मोफत. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा खराब होतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. आंघोळ झाली असेल, दिवस उलटून गेले असतील, तरीही जा.

मुलाचं नाव, फोटो, घर, शाळा यांतलं काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही, न्याय मागण्यासाठीही नाही. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

प्रश्नांच्या वेळी

कुणीतरी उठून म्हणतं, "मग मुलींना लवकर घरी बोलवा, मोबाइल काढून घ्या." काहीजण पुढं जाऊन लग्न लवकर लावायचं सुचवतात. इथं नम्र राहू नका. त्रास देणारा बऱ्याचदा घरातलाच असतो, मुलीला त्याच्याच घरात कोंडून ती सुरक्षित कशी होईल? आणि अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सभा या सुरावर संपली तर मुली पुढं काही सांगणारच नाहीत, कारण सांगितलं की शाळा सुटते हे त्यांना कळलेलं असतं.

मुलांचं सत्र

चाळीस मिनिटं, तीस मुलं, वर्गशिक्षक खोलीबाहेर. "वाईट वाटला तर वाईट स्पर्श" असं शिकवू नका. माया लावून, खाऊ देऊन केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही. नियम सांगा: झाकलेल्या जागा कुणी बघायच्या नाहीत, हात लावायचा नाही, स्वतःच्या दाखवायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, स्वच्छता किंवा औषधपाण्यासाठी असेल तर घरच्या मोठ्यांच्या समोर. स्पर्शाचं गुपित ठेवायचं नसतं. प्रत्येकानं विश्वासाची तीन मोठी माणसं मनात ठरवायची, त्यांतलं एक घराबाहेरचं. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. सत्रानंतर तासभर शाळेतच थांबा. ज्या मुलाला सांगायचं असतं, ते गर्दी पांगल्यावर चप्पल शोधत रेंगाळतं.

महिन्यानं

त्याच गटाला तासभर बोलवा, नव्या तीन चिठ्ठ्या द्या आणि पहिली तीन वाक्यं पुन्हा लिहून घ्या. जिथं पुन्हा "का" आला, त्या गटाची आणखी एक फेरी त्याच दिवशी. रेशन दुकान, एसटी थांबा आणि शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला १०९८ तेलरंगात लिहिलेला आहे का ते बघून या. कागदाचे फलक पहिल्या पावसात जातात.