पायथॉनमध्ये व्हर्जन तपासताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी रिव्ह्यूला असा कोड येतोच, ज्यात दोन व्हर्जन स्ट्रिंग सरळ लहान-मोठं चिन्ह टाकून ताडून बघितलेल्या असतात, आणि वर "चालतंय ना सर". चालतंय रे, ९ पर्यंत चालतंय!

स्ट्रिंग म्हणून "१.१०.०" ही "१.९.३" पेक्षा लहान, कारण पायथॉन डावीकडून एकेक अक्षर बघतो आणि १ हा ९ च्या आधी येतो. आमच्या अपडेट स्क्रिप्टमध्ये हेच होतं. एक बग आम्ही १.१०.० मध्ये काढला, रिलीज केलं, आणि तरी तीन आठवडे त्याच बगचे फोन. मी आपला प्रत्येकाला कॅशे क्लिअर करायला सांगतोय. शेवटी एकाची स्क्रीन बघितली तर खाली कोपऱ्यात १.९.३! स्क्रिप्ट सगळ्यांना "तुम्ही लेटेस्टवर आहात" सांगत बसली होती. आणि ती स्क्रिप्ट लिहिली कोणी, तर मीच.

मग हुशार लोक व्हर्जन डॉटवर स्प्लिट करून प्रत्येक तुकड्याचा इंट (पूर्णांक) करतात. "२.०आरसी१" (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, पक्क्या रिलीजच्या आधीचं) आलं की व्हॅल्यूएरर. "पॅकेजिंग" नावाची लायब्ररी टाका, दोन्ही बाजू व्हर्जन() मध्ये घाला, विषय संपला. १.० आणि १.०.० तिथे सारखेच, आणि २.०आरसी१ हे २.० च्या आधी. दोन ओळी वाचवायला स्वतःचा रेजेक्स (मजकूर जुळवायचा पॅटर्न) लिहू नका, चुकीच्या स्ट्रिंगवर येणारा इनव्हॅलिडव्हर्जन एरर पकडा. फक्त पॅकेजिंग २२ च्या आधीचं नको, त्यातलं पार्स() वाट्टेल तो कचरा गुपचूप स्वीकारायचं.

चालू पायथॉनचं व्हर्जन सांगणाऱ्या सिस.व्हर्जनची पहिली तीन अक्षरं कापणाऱ्यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आल्यावर ३.१ दिसलं. सिस.व्हर्जन_इन्फो >= (३, १०) लिहायला असा किती वेळ लागतो?

यामल कॉन्फिग फाइलमध्ये ३.१० ला कोट्स द्या, नाहीतर ते फ्लोट होऊन ३.१ होतं.

इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरातून डिस्टयुटिल्समधलं लूजव्हर्जन उचलू नका, डिस्टयुटिल्स पायथॉन ३.१२ पासून स्टँडर्ड लायब्ररीत नाही.

आणि रिलीजला दिलेला टॅग "व्ही१.०-आरसी१" असेल तर पेप ४४० (पायथॉनचे व्हर्जन लिहायचे नियम) प्रमाणे त्याचं १.०आरसी१ होतं, म्हणून मी टॅग आधी व्हर्जन() मधून काढतो आणि मगच पॅकेजशी जुळवतो. पॅकेजचा नंबर इंपोर्टलिब.मेटाडेटाला (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची माहिती देणारं मॉड्यूल) विचारतो. तीन फाइलींत हाताने लिहिला की एक तरी बदलायची राहतेच, माझी सेटअप फाइल राहायची.